बापू म्हणायचा, कान सोडायचा नाही

एका माणसाचं नाव मी या महिन्यात कायमचं खराब केलं. मला अजिबात वाईट वाटत नाहीये.

आज बापूचं वर्षश्राद्ध झालं, म्हणून सांगते.

बापू शिरूर तालुक्यातला, मी दौंडच्या रेल्वे कॉलनीतली. इंजिनिअरिंगला एकत्र होतो, पुढे पुण्यात एकाच कंपनीत लागलो. त्याच्या आजोबांचं सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलं. वडील, म्हणजे आमचे आप्पा, आता शेती करतात. पण बाजारात मेंढा निवडायचा असला की गाव अजून आप्पांनाच घेऊन जातं.

आम्ही कर्नेलवर काम करायचो. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरचा सगळ्यात आतला भाग. कुठल्याही अ‍ॅपला काही हवं असलं की आधी तो तपासतो, मगच देतो.

बापूला आमच्या कोडमधे एक बग सापडला. सोपं करून सांगते.

अ‍ॅप कर्नेलला चिठ्ठी दाखवतं, ही फाईल उघडा. कर्नेल चिठ्ठी वाचतो, परवानगी आहे का बघतो. आहे. मग फाईल उघडताना तीच चिठ्ठी अ‍ॅपच्या हातातून परत वाचतो.

मधल्या क्षणात अ‍ॅपनं चिठ्ठीवरचं नाव बदललं तर?

तपासली एक फाईल, उघडली दुसरीच.

मीटिंगमधे बापूनं हे आप्पांच्या गोष्टीवरून समजावलं. आप्पांनी एकदा बाजारात मेंढा पसंत केला. दात बघितले, पाठ चाचपली. मग व्यापाऱ्याबरोबर रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव ठरवत बसले. घरी येऊन बघतात तर मेंढा दुसराच. तसाच काळा, पण म्हातारा. तेव्हापासून आप्पांचा नियम झाला. एक हात रुमालाखाली, दुसरा मेंढ्याच्या कानावर. गाडीत चढेपर्यंत कान सोडायचा नाही.

कर्नेलनंही तेच करावं, असं बापूचं म्हणणं. चिठ्ठी एकदाच स्वतःकडे उतरवून घ्यायची. तीच तपासायची, तीच वापरायची. अ‍ॅपच्या हाताकडे परत बघायचंच नाही.

सगळे हसले. आमचे साहेब सगळ्यात जास्त, कारण तो कोड त्यांनी स्वतः लिहिला होता. एवढ्याशा वेळात कोण चिठ्ठी बदलतंय, त्यासाठी रिलीज थांबवायची का, म्हणाले.

वर म्हणाले, "हा बाजार नाहीये, बापूराव."

मी तिथंच बसले होते. मला बापूचं पटलं होतं. तरी गप्प राहिले, कारण नोकरी टिकवायची होती. हेही आज लिहूनच टाकते.

काही महिन्यांनी हॅकर्सनी ग्राहकाची मशीन्स फोडली. बरोब्बर त्याच फटीतून.

चौकशीत साहेबांनी सांगितलं, टेस्टिंग बापूकडे होतं, त्यानं काही कळवलंच नाही. त्या मीटिंगचं कुणीच काही लिहून ठेवलं नव्हतं. बापूला राजीनामा द्यायला लावला.

मग साहेबांनी घाईघाईत कोडमधे आणखी एक तपासणी घातली. आधी एकदा बघायचे, आता दोनदा. त्यांचं मोठं कौतुक झालं.

मी बापूला फोन करून सांगितलं. तो गावी होता, जनावरांना चारा टाकत होता.

म्हणाला, "दोनदा दात बघून काय हुतंय? कान तर सोडल्यालाच हाय."

गावात बातमी वेगळीच पोचली होती. कंपनीत भानगड केली म्हणून हाकलला. आप्पा डेअरीवर दूध घालायला गेले की लोक मुद्दाम विचारायचे. आप्पांनी जाणंच सोडलं.

मग एक दिवस बापूच गेला. डॉक्टर म्हणाले हार्ट. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

साहेबांनी स्वतःच्या प्रोफाईलवर लिहिलं, "लाखात एक माणूस." पुढे जोडलेले हात.

त्या जोडलेल्या हातांवर मी वर्ष काढलं.

नोकरी बदलली. सुट्टीचा प्रत्येक दिवस त्या फटीला दिला. तो कोड सगळ्या जगाला खुला आहे, कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्ती पाठवावी. साहेबांच्या दुसऱ्या तपासणीनंतरही चिठ्ठी बदलते, हे मी करून दाखवलं. मग बापूनं सांगितलेलीच दुरुस्ती पाठवली. अनोळखी जाणकारांनी ती उलटसुलट तपासली आणि या महिन्यात स्वीकारली.

आमच्यात एक रिवाज आहे. दुरुस्तीखाली, चूक कुणी दाखवून दिली त्याचं नाव लिहितात. आणि चूक ज्या बदलामुळे आली, तो बदलही लिहितात. त्यावर क्लिक केलं की तो कुणी केला ते दिसतं.

मी दोन्ही लिहिलं. साहेबांचे तर बदलही दोन होते, मूळ कोड आणि ती घाईतली तपासणी. कानामात्रा न चुकता.

साहेबांचा फोन आला. निदान खालच्या ओळी तरी काढायला सांग, आपण जुने सहकारी, वगैरे. मी पूर्ण ऐकून घेतलं.

म्हटलं, "सर, हा बाजार नाहीये."

याला सूड म्हणा. मीही सूडच म्हणते.

आज जेवणं व्हायच्या आधी आप्पांना मोबाईलवर ते पान दाखवलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. मी बोट ठेवून बापूचं नाव दाखवलं.

"आन् त्या सायबाचं?"

"खाली आहे, आप्पा. दोनदा."

"ह्ये कुणाला खोडता येतं का?"

"नाही. त्यांना नाही, मलाही नाही."

आप्पांनी मोबाईल हातात घेतला. स्क्रीन विझली की परत लावून मागायचे. असं तीन-चार वेळा झालं. मग सुनेला हाक मारून म्हणाले, "उद्या डेअरीवर दूध मीच घिऊन जातो."

बापू, तू त्या दिवशी खरं बोललास आणि मी गप्प बसले. त्याची माफी मागायला फार उशीर झाला.

पण मेंढा गाडीत चढला रे.

आता कान सोडते.