अस्तरातला चाकू

तो चाकू आधी ह्यांच्या मामांचा. मामा खडकीला एका साहेबाच्या बंगल्यावर कामाला होते. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा बारीकसारीक सामान नोकरांना वाटून गेला, त्यात हा मामांच्या वाट्याला आला. मिटला की माझ्या मधल्या बोटाएवढा लांब, आणि दोन पैसे एकावर एक ठेवावेत तेवढाच जाड. दोन्ही बाजूंना पिवळट हाडाच्या पट्ट्या, आत एकच पातं. मामांना तो फारसा पसंत नव्हता. "ऊस सोलायला घ्यावा तर आधी हाच वाकतो," म्हणायचे. "सुपारीला भितो. पेरू कापावा यानं, बास." पण चारचौघांत पेरू कापायचा झाला की सावकाश कापायचे, सगळ्यांना दिसेल असा.

आम्ही चिंचवडला खोली घेतली तेव्हा मामांनी आपला जुना लोकरी कोट आणि तो चाकू ह्यांना दिला. चाकू हातात दिला नाही, जमिनीवर ठेवला आणि ह्यांनी उचलला. हातात दिला तर भांडण होतं, म्हणून आमच्यात तसंच करतात.

ह्यांना मात्र तो फार आवडला. खिसा चाचपून म्हणायचे, "आहे की नाही, कळतसुद्धा नाही." एवढी एकच तारीफ, पण रोज.

हे नव्यानं निघालेल्या एका पितळी सामानाच्या कारखान्यात लागले होते. बदली कामगार म्हणून घेतलं होतं, वर्षभरात कायम करू असं सांगितलं होतं. सगळं त्या एका शब्दावर अडलं होतं. गावाकडे परत जायचं की इथं राहायचं तेही.

मुलगी झाली तेव्हा तिच्या उशाखाली लोखंड ठेवायचं होतं. विळा ठेवायला माझा जीव धजेना. चाकू मिटलेला असतो, म्हणून तो मागून घेतला. सव्वा महिना झाला तरी मी तो काढला नाही.

त्या थंडीत ह्यांना पहिली पाळी लागली. पहाटे अंधारात निघून नदीकाठच्या वाटेनं जायचे, मसणवटीवरून. खोलीची मालकीण म्हातारी मला म्हणाली, "पोरी, त्यो एकटा जातूय. अंगावर लोखंड आसू दे. ती वाट बरी न्हाई." ह्यांना सांगितलं असतं तर हसले असते. मी काही बोलले नाही. मला बोलायला जमतच नाही. दुकानातसुद्धा मी वस्तूकडे बोट दाखवते.

कोटाच्या अस्तरात काखेखाली मी एक अरुंद खिसा शिवला, चाकू मावेल एवढाच. तोंड उघडं ठेवलं, कारण लोखंड एक आणि जीव दोन. पहाटे मुलीच्या उशाखालून काढून कोटात घालायचा, दुपारी हे आले की कोटातून काढून परत तिच्या उशाखाली. महिना दीड महिना असं चाललं. ह्यांना कळलं नाही. कोट जाड आणि चाकू तसला.

कारखान्यातून सुटताना फाटकावर झडती असते, कोणी पितळेचे तुकडे नेऊ नयेत म्हणून. एक दिवस नवा पहारेकरी आला. त्यानं खिसे न चाचपता शिवणी चाचपल्या.

हे घरी आले ते कोट हातात घेऊन. उलटा केलेला. माझ्यापुढे टाकला.

"हे काय आहे?"

मी मुलीला उचलून घेतलं.

"सगळ्यांसमोर कोट उलटा केला माझा, चाकू ठेवून घेतला. पहारेकरी म्हणतो, आज चाकू, उद्या पितळ. मी म्हटलं मला माहीत नव्हतं. तर म्हणाला, वा राव, अंगावरच्या कोटात काय आहे ते माहीत नाही?" मग हळू आवाजात म्हणाले, "उद्या आत घेणार नाहीत. कारखान्याचे साहेब शनिवारी ठरवणार."

तेव्हा मी सांगितलं, तुटक तुटक. हे भिंतीला टेकून बसले. रागावलेसुद्धा नाहीत. "आता हे मी जाऊन सांगू? कोण खरं मानेल, अगं? बायकोवर ढकलतो म्हणतील." मग म्हणाले, "तू येऊन सांगशील?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

दोन दिवस ह्यांनी तो प्रश्न परत विचारला नाही. जेवायचे आणि कुशीवर वळून पडायचे. तिसऱ्या दिवशी मी शेजारच्या मुलीकडून वहीचं एक पान मागून घेतलं. चौथीनंतर पत्राशिवाय काही लिहिलं नव्हतं. लिहिलं ते असं: कोटाचा खिसा मी शिवला. त्यांना माहीत नाही. वाटेवर मसणवट आहे म्हणून लोखंड ठेवते. दुपारी काढून मुलीच्या उशाखाली ठेवते. पितळेचं काही नाही. चूक माझी आहे.

शनिवारी मुलीला कडेवर घेऊन ह्यांच्यामागून गेले. फाटकाशी स्टूल होतं, त्यावर कागद ठेवला आणि बाजूला उभी राहिले. कारकुनानं तो मोठ्यानं वाचला. मसणवट आली तेव्हा माणसं हसली. मी मुलीच्या टोपडं बांधलेल्या डोक्याआड तोंड लपवलं.

कारकुनाशेजारी उभे असलेले साहेब हसले नाहीत. त्यांनी चाकू मागवला, ह्यांचा कोट उतरवून घेतला, चाकू अस्तरातल्या खिशात घातला आणि तो कोट स्वतःच्या अंगात चढवला. हात वर केले, खाली केले, आठदहा पावलं चालले, कोटाच्या बटणांशी खटपट केली.

"खरंच कळत नाही," कारकुनाला म्हणाले. "घे याला कामावर."

कामावर घेतलं, पण कायम करायचं पुढच्या वर्षावर गेलं. आणि फाटकावर रोजचं सुरू झालं. "काय राव, लोखंड आहे ना बरोबर?" "वहिनींनी आज काय शिवलं?" हे घरी येऊन सांगायचे नाहीत. म्हातारीच्या जावयाकडून मला कळलं, तोही तिथंच कामाला होता. ह्यांनी तो कोट घालणं सोडलं. उरलेली थंडी सदऱ्यावर काढली, खोकत.

चाकू माझ्याकडे राहिला. म्हणजे आधी मामा, मग हे, आणि तिसरी मालकीण मी. मला विचाराल तर तो शेवग्याच्या शेंगा सोलायला चांगला, लिंबाला चांगला, कांद्याला नाही. दगडावर घासून घासून पातं आणखी बारीक झालं आहे. बिजागरी ढिली झाली आहे, उघडताना अंगठा सांभाळावा लागतो. त्याच्याकडे बघितलं की मला दमल्यासारखं होतं.

पुढच्या थंडीत, मुलगी चालायला लागली होती तेव्हा, एका पहाटे हे निघताना दारात थांबले. खुंटीवरचा कोट घेतला आणि अंगात घातला. अस्तरातला खिसा मी केव्हाच उसवला होता.

"दे तो," म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"अगं, चाकू दे. रोज विचारतात, आहे का म्हणून. नाही म्हणायचा कंटाळा आला."

मी तो जमिनीवर ठेवला. ह्यांनी वाकून उचलला आणि कोटाच्या बाहेरच्या खिशात टाकला. सवयीनं खिसा चाचपला, पण काही बोलले नाहीत. आता जाताना तो पहारेकऱ्याच्या स्टुलावर ठेवतात आणि सुटताना परत घेतात.