पावसाळ्यातलं वजन

पार्सल दोन्ही तळहातांवर घ्यायचं, डोळे मिटून जरा खालीवर करायचं आणि मगच काट्यावर ठेवायचं, ही तिची रीत. काटा थांबायच्या आधीच ती विचारायची, "लई भरलं का वो भाऊ?"

दाराला कुलूप लावून, ते ओढून बघायला चार पावलांवरून परत येणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ही त्यातली. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी मंचरच्या टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर होतो, आणि ती महाळुंगे पडवळहून यायची. घरच्या मेंढ्या होत्या. नवरा गेल्यावर त्याच्या हातमागावर तीच घोंगड्या विणायला बसली. पुण्यातल्या मुलीनं त्यांचे फोटो इंटरनेटवर टाकले आणि कुठून कुठून मागण्या येऊ लागल्या. पण गिऱ्हाइकाला टपालखर्च आधीच सांगावा लागे. म्हणून ती नमुन्याची घोंगडी घेऊन यायची, मी वजन करून गावोगावचा दर सांगायचो.

पहिल्याच वर्षी घोटाळा झाला. चैत्रात तोलून दर सांगितलेली घोंगडी श्रावणात पाठवायला आणली, तर ती जड भरली. पावसाळी हवेत लोकरीनं ओल धरली होती. तिचा चेहरा उतरला. त्याच दरानं आणखी सात जणांना तिनं शब्द दिला होता. मी म्हणालो, मुलीला सांगा, वरचे पैसे मागवून घेईल, कोणी नाही म्हणणार नाही.

"न्हाई भाऊ. एकदा सांगितलं ते सांगितलं. आता वाढवलं तर म्हणतील, बाई फसवी हाय."

त्या घोंगडीचे वरचे पैसे तिनं पदरचे भरले. बाकीच्या सात तिनं चुलीपाशी वाळवल्या आणि एकेक प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन आणली. वजन बसलं, तर घोंगडीला धुराचा वास लागला म्हणून नवी काळजी.

पुढच्या वर्षापासून ती पावसाळ्यातलंच वजन धरून दर सांगू लागली. मग उन्हाळ्यात खर्च कमी यायचा, तेव्हा उरलेल्या पैशांची पोस्टाची तिकिटं घेऊन ती घोंगडीच्या घडीत ठेवायची. एवढा हिशेब कोण विचारतं, असं मी एकदा म्हणालो. ती म्हणाली, "कुनी न्हाई. पर मला झोप येत न्हाई."

पार्सल गेलं तरी तिचं संपायचं नाही. दर बाजाराच्या दिवशी खिडकीशी येऊन पोचपावती आली का विचारायची. आम्ही कचेरीतले मागून हसायचो, मीही हसायचो.

मग तिची नजर अधू झाली. मुलगी तिला कायमची पुण्याला न्यायला आली. शेवटची घोंगडी जबलपूरला गेली होती, एका आजारी म्हाताऱ्या गृहस्थांसाठी. निघायच्या दिवशी मुलगी कचेरीच्या दारात पिशव्या घेऊन उभी, आणि ही खिडकीशी.

"जबलपूरचं पोचलं का भाऊ?"

पावती आलेली नव्हती. "पोचलं, मावशी," मी म्हणालो.

तिनं एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मग झालं," म्हणाली, आणि गेली.

दुसऱ्या दिवसापासून टपालाची थैली आली की मी हातातलं काम टाकून आधी पावत्या चाळू लागलो. ते गृहस्थ तोवर हयात असतील का, पार्सल कुठं भिजलं तर नसेल, पत्ता नीट लिहिला होता ना? घरीही जेवताना तेच डोक्यात. बाराव्या दिवशी पावती आली, खाली थरथरत्या हातानं केलेली हिंदी सही. तिच्या घराला तर कुलूप. रविवारी महाळुंग्याला जाऊन मी तिच्या दिरांकडून पुण्याचा पत्ता आणला आणि पावती पाकिटात घालून पाठवली. सोबत काही लिहिलं नाही.

आठवड्यानं मुलीचं कार्ड आलं. आईनं पावती उशाशी ठेवली आहे, असं लिहिलं होतं. खाली आणखी दोन ओळी होत्या: "आई म्हणते, तुम्ही तेव्हा खोटं बोललात ते तिला कळलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ती काही बोलली नाही."