दीडशेपैकी दीडशे, तरी नापास

नापास होण्याची चैन करणारी बाई अख्ख्या रोह्यात एकच होती, आणि माझं नशीब बघा, ती माझी सख्खी थोरली वहिनी निघाली. १९९१ पासून ओळीनं पाच मार्च ती दहावीला बसली. दर वेळी गणितात दीडशेपैकी दीडशे, आणि इंग्रजीत कधी अकरा, कधी नऊ! मी पेणच्या हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर. दर रविवारी एस.टी.नं रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावात तिच्या घरी जाऊन तिला शिकवणारा मीच, तेव्हा गावात तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. सुटलेल्या विषयांत सूट घ्या, नुसत्या इंग्रजीचा फॉर्म भरा, म्हटलं तर बाईसाहेब फुरंगटल्या. "मग गणिताचा पेपर कसा मिळंल, भावजी?" अहो, लोक गणित टळावं म्हणून नवस बोलतात!

धरमतरच्या मिठागरावर वाढलेली ही बाई, लग्नापायी नववीतच शाळा सुटलेली, आणि वर्गसमीकरण दिसलं की हिची भाकरी करपलीच म्हणून समजा. चुलीपुढच्या फरशीवर कोळशानं मांडायची. आधी विवेचक काढायची, तो ऋण आला की हात झटकून मोकळी. "वास्तव मुळंच नाय, तर शोधायची कुणाला?" शेताची रुंदी काढताना एक उत्तर ऋण येई, ते खोडताना मात्र हळहळायची. "समीकरणात घालून बघितलं, बरोबर बसतंय हो. शेताला नाय चालत, त्यात त्याचा काय गुन्हा?" एकदा मी जेवत असताना वाढता वाढता थबकली. "दोन मुळं कोण ते अजून ठाव नाय, पण त्यांची बेरीज नि गुणाकार आधीच कळतो. न भेटता वळख! कसं गोड हाय!" डावातली आमटी माझ्या मांडीवर. गरम होती.

सहाव्या वर्षी दादाची कंपनीतली नोकरी गेली. अंगणवाडीत जागा निघाली होती, पण दहावी पास हवी, आणि वयात बसायचं वहिनीचं ते शेवटचंच वर्ष. मी धास्तावून रविवारी गेलो, तर ही ओटीवर शेजारच्या हमीदाबीला नवऱ्याच्या आखाती कंपनीचं इंग्रजी पत्र घडाघडा वाचून अर्थ सांगतेय! मी पायरीवरूनच ओरडलो.

"वहिनी, तुम्हाला इंग्रजी येतं?"

"येतं की. तुमीच तर शिकवलंत."

"मग पाच वर्षं नापास का झालात?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "पास झाले की संपलं ना, भावजी. वर्षातून एकदा कुणीतरी माझी गणितं तपासतंय. घरात कोण बघतंय?"

दादाची नोकरी गेलीय, या वर्षी तरी पास व्हा, असं मी चिडून सुनावलं.

त्या मार्चला ती पास झाली. इंग्रजीत बासष्ट! अंगणवाडीची नोकरी लागली, घर सावरलं. पुढच्या वर्षी परीक्षा सुटल्यावर मी गणिताच्या दोन पेपरांपैकी बीजगणिताची प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि रोह्याला जाऊन तिच्या हातात ठेवली. घड्याळ लावून तिनं ती सोडवली आणि वही माझ्यापुढे सरकवली. "तपासा."

आता काय करणार? मी स्वतः गणितात काठावर पास झालेला. लाल पेनानं झोकात बरोबरच्या खुणा केल्या आणि पंच्याहत्तरपैकी पंच्याहत्तर देऊन खाली सही ठोकली.

वहिनीनं पानं उलटून बघितली. "पाचव्या गणितात मी मुळाचं चिन्ह मुद्दाम चुकवलं हुतं, भावजी. बोर्डाच्या मास्तरानं धरलं असतं."

माझं तोंड एवढंसं झालं. ती हसली, "ऱ्हाऊ द्या, चहा घेणार ना?" म्हणाली आणि वही तशीच उघडी ठेवून आत गेली.