जेवणाच्या टेबलावरचं फ्रेंच घराणं

आमच्या इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या घरात जेवणाचं टेबल आहे, पण त्यावर जेवायची सोय नाही. बारा वर्षं तिथे एका फ्रेंच घराण्याचा मुक्काम आहे. नेपोलियनच्या फौजेतला बाप जनरल, त्याचे तीन अधिकारी मुलगे आणि त्यांच्या पलटणी. सगळे शिशाचे, बोटाच्या पेराएवढे. नवरा ते स्वतः रंगवतो आणि आम्ही सोफ्यावर मांडीवर ताटं घेऊन जेवतो.

दर रविवारी तो आणि आमची लेक लढाई मांडायचे. नियम एकच, इतिहासाच्या पुस्तकात जो मेला त्याला टेबलावर आडवं करायचं. थोरला स्पेनमध्ये, मधला ऑस्ट्रियात, धाकटा रशियाच्या बर्फात. लेक आठ वर्षांची असल्यापासून हे न रडता करायची, आणि नवऱ्याला त्याचं केवढं कौतुक! मला ते कधीच आवडलं नाही. एकदा विचारलं, "या मुलांची आई कुठंय रे?"

"तिची मूर्ती कोणी बनवत नाही," म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला.

यंदा लेकीला ब्रिटिश आर्मीचं पत्र आलं. "बाबा, मी सिलेक्ट झाली! ऑफिसर ट्रेनिंग! तुमच्या जनरलला सांगा ना!"

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, आयटीत चांगला जॉब मिळेल की तुला."

"पण बाबा, हे सगळं तुम्हीच शिकवलं ना मला?"

तो ब्रश घेऊन धुवायला गेला. मला त्याचा इतका राग आला की दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिच्या या वेडाला खतपाणी त्यानंच घातलं होतं.

गेल्या रविवारी तिला ट्रेनिंगला सोडून आलो. येताना रेडिओवर कुठल्याशा सरहद्दीवर सैन्य जमल्याची बातमी लागली. नवऱ्यानं रेडिओ बंद केला. मग घराजवळच्याच राउंडअबाउटला त्यानं तीन फेऱ्या मारल्या, एक्झिट सापडेना.

घरी टेबलावर रशियाची लढाई तशीच मांडलेली होती. जायच्या आदल्या दिवशी लेकीनं धाकट्याला आडवं केलं होतं. नवऱ्यानं कोटही न काढता त्याला उभं केलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यानं नियम मोडला. पण त्याच्या पायाखालची चकती वाकली होती, धाकटा पुन्हा कलंडला. त्यानं परत उभा केला आणि बोटानं धरून ठेवला.

मी चहा आणून ठेवला. तो गार झाला तरी त्यानं बोट काढलं नाही. मीही काढ म्हटलं नाही.