पहिल्या पंगतीची मोठी माय

मोठी माय कुणालाही ‘काम आहे का’ असं विचारत नसे. माणूस दारात कसा उभा राहतो, त्यावरून तिला कळायचं. काम सुटलेला माणूस चपला काढायला उगाच वेळ लावतो. तो दिसला की ती चुलीपाशूनच ओरडायची, “ओ भाऊ, चपलास्नी पूजा नंतर कर. पह्यली पंगतमा बठ!”

परमुलखातल्या पर्वत पाटिया वस्तीजवळची ती खानावळ कापडाच्या लूमवर राबणाऱ्या खानदेशी माणसांनी सहकारानं उभी केलेली. जेवणारा प्रत्येक जण सभासद, म्हणजे मालक. मोठी माय मुख्य रांधणारी, आणि नियम तिचा: ज्याचं काम सुटलं, तो पहिल्या पंगतीत, फुकट. पहिल्याच का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, “शेवटले बसाडं तर लाजीसन अर्धपोटी उठी.”

तिचा दुसरा नियम, ताटावर भांडण नाही. दोन कारागीर कामाच्या पाळीवरून एकमेकांच्या अंगावर गेले, तर ती मध्ये भाकरीची टोपली ठेवायची. “खाई ल्या. मंग मुंडकं फोडा.” पंगत उठल्यावर मुंडकी बहुधा शाबूत असायची.

मग कंपनी आली. सचिनच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना जेवण पुरवणारी. टेबलं देऊ, पंखे देऊ, फक्त खानावळ आमच्या नावावर करा, म्हणाली. खोटं कशाला बोलू, छप्पर गळत होतं, रांधणाऱ्या बायकांच्या कमरा मोडल्या होत्या. पंखा कुणाला नको? पण काम नसलेला माणूस कंपनीच्या हिशेबात कुठे बसतो, हे कुणी विचारलंच नाही.

नाव बदलायच्या ठरावासाठी सभा ठेवली तीही जेवणासकट. भरीत-पुरी. सामान कंपनीचं, रांधणारी मोठी मायच. पहिला घास तोंडात गेला आणि कंपनीचा माणूस उठून म्हणाला, “हाथ ऊपर करो भाई, खाते खाते!” डावे हात वर गेले. उजव्यात पुरी होती.

मी ओरडायला उठलो. मोठ्या मायनं भरिताचं पातेलं धरून माझ्याकडे पाहिलं.

“लोक जेवी राहनात. बठ.”

“माय, हे लुबाडतायत आपल्याला!”

“बठ म्हनस ना!”

तिचा तो ताटावरचा नियम कंपनीला कुणीतरी सांगितला असणार. योगायोग इतका नीच नसतो.

शेवटच्या माणसाला वाढून झालं, हात धुतले गेले, तेव्हा पदर खोचून ती मधोमध उभी राहिली. “आते मी बोलस.” पण ठराव कधीच झाला होता. माणसं पाळीवर धावत सुटली होती. ऐकायला आम्ही उष्टी ताटं उचलणारे तिघे-चौघे. तरी ती बोललीच, समोर पंगत बसली आहे अशी नजर फिरवत. “जेन्हं काम सुटी, तो कोठे बठी? सांगा ना.”

थोड्याच दिवसांत दाराशेजारी कुपनाची खिडकी झाली. मोठी माय लेकीकडे नंदुरबारला निघून गेली. उधना स्टेशनवर मी म्हणालो, “आपण लढू, माय.” ती गाडीत चढता चढता म्हणाली, “लढजो. पन जेवीसन.” तेवढंच.

दुपारी मी अजून त्या रस्त्यानं जातो. कुपन नसलेली माणसं खिडकीपासून लांब, जेवायला आलोच नाही अशा बेतानं उभी असतात. त्यांतले कितीतरी हात त्या दिवशी वर गेले होते. भोगा आता, असं तोंडावर येतं; म्हणवत नाही. आत कुठे पातेलं वाजलं की सगळ्या माना एकदम दाराकडे वळतात.

माझीसुद्धा.