वाऱ्याच्या खालच्या अंगाला

"तू वारानी खालनी बाजूले बस. तुन्हा आंगना वास येस."

शेठ मला म्हणाला. शहरातून खत बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर. निंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या, चहा आला होता, आणि मी ट्रेमधला कप उचलायला हात पुढे केला होता. माझा कप वेगळा. कुंपणाच्या तारेला अडकवलेला. तो काढून घेतला आणि वारा पाहुण्यांकडून माझ्याकडे येईल अशा जागी जाऊन बसले.

लोणखेड्याच्या पुढे शेठचं खताचं आवार आहे. गुजरातेतून ट्रक भरून तंबाखूचा कचरा येतो. देठ, काड्या, नाकात घुसणारी धूळ. शहरातल्या संडासांच्या टाक्यांचा गाळ टँकरने येतो. एक थर तंबाखूचा, एक थर गाळाचा, वर पाणी. ढीग आतून तापतो, उलटत राहिलं की कुजतो, आणि शेवटी काळंभोर खत निघतं. केळीला जातं, उसाला जातं. काम वाईट नाही, मी आजही म्हणते. ते ज्या तऱ्हेने करून घेतात ती वाईट.

थर लावणाऱ्या आम्ही. मी, आई आणि डोंगरातून उतरलेल्या बायका. धूळ उडाली की डोकं गरगरतं, मळमळतं, म्हणून गालात चिंच धरायची. आईने जन्मात तंबाखू खाल्ली नाही, तरी तिचं तोंड कायम कडू. मी बारावी झाले, दुसरं काही मिळेपर्यंत म्हणून आले आणि अडकले. खोली शेठची, वीज शेठची, पाणी शेठचं. फाटकाची किल्लीसुद्धा त्याच्याच खिशात. नाही म्हणायचं तर उभं कुठे राहून म्हणायचं?

ढीग किती तापला हे बघायला लांब सळईचा मीटर होता. ऑफिसात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. वापरला तर बिघडेल म्हणे. मग आम्ही हात घालायचा, कोपरापर्यंत. चटका बसून हात आपोआप मागे आला की ढीग चांगला. बाईच्या हाताला काय होतंय म्हणे!

चहा झाला. पाहुण्यांनी तयार खताची मूठ नाकाशी नेली.

"अजिबात वास नाही हो!" एक मॅडम म्हणाल्या. "जंगलातली माती जशी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ऐकत होते. त्यांच्याच टाक्यांतली घाण आम्ही उलटून उलटून बिनवासाची केली. आणि वास म्हणे माझ्या अंगाला. मला रडू आलं नाही. संताप आला.

तेवढ्यात शेठने हाक मारली. "ये वं पोरी! ढिगमा हात घाल. यास्ले दखाड."

ढीग किती तापलाय ते पाहुण्यांना दाखवायचं होतं. मॅडमनी मोबाईल वर धरला.

मी ढिगाजवळ गेले. बाही वर केली. कातडी सोलून पडलेले जुने डाग उघडे पडले. सवयीने हात पुढे झालाही, पण मधेच थांबला. आई पलीकडे उभी होती. तिने माझं तोंड पाहिलं आणि ती गुपचूप आपली बाही वर करायला लागली. माझ्याऐवजी ती घालणार होती.

मी जाऊन तिचा हात धरला.

"आमना हात आते ढिगमा जावाव नई," मी म्हटलं. "शेठ, तुम्ही घाला."

शेठ पाहुण्यांकडे बघून हसला. "पोरगी येडी शे." मग ऑफिसातून मीटर आणवला, प्लास्टिक काढलं, सळई ढिगात खुपसली. आकडा आला. मीटर बिघडला नाही.

संध्याकाळी निरोप आला, खोली खाली करा. आई आमच्या भिली बोलीत एवढंच म्हणाली, जायचं कुठे? दुसऱ्या आवारात गेलं तरी ढीगच.

सकाळी बायका आल्या, पण आमच्या खोलीचं कळल्यावर थर लावायला कुणी उठली नाही. म्हणून खोली अजून आमच्याकडे आहे. किती दिवस, ते शेठ जाणे. किल्ली अजून त्याच्याच खिशात आहे. माझा कपही तारेलाच आहे.

पण चहाच्या वेळी तो कप घेऊन मी आता निंबाखाली शेठ बसतो त्या खाटेच्या वरच्या अंगाला बसते. वारा माझ्यावरून त्याच्याकडे जातो. त्याला वास येत असेल तर त्याने उठावं. मी उठणार नाही.