ह्यांची पावडर आणि माझा टॉवेल

बायकांना सवतीचा मत्सर वाटतो म्हणतात. मला एका पावडरीचा वाटतो, आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

आमचे हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. तास संपले की प्रयोगशाळेत ती पावडर करत बसतात. आहे प्लास्टिकच्याच जातीची, पण आतून डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांनी भरलेली. कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड त्या छिद्रांत धरून ठेवायचा, असा बेत. "चमचाभर घेतली तरी आत मैदानाएवढी जागा हाय!" हे सांगताना ह्यांचा चेहरा उजळतो. माझ्याबद्दल बोलताना तो उजळलेला मी कधी पाहिला नाही.

हे बाहेरगावी असले की उन्हाळ्यात दुपारी हमखास फोन येतो. "लाईट गेली का गं?" पंख्याविना मी उकडत असेन म्हणून विचारतात, असं समजून लग्नानंतरचे पहिले काही उन्हाळे मी खूश होते. मग कळलं, काळजी पावडरीची आहे. छिद्रांत अडकलेली ओल निघावी म्हणून तिला गरम करून हवा ओढून घेणारा पंप लावून ठेवतात. आणि कॉलेजची लाईट आमच्याबरोबरच जाते.

गेल्या मे महिन्यात हे पंप चालू ठेवूनच गावी, मंगळवेढ्याला गेले. कॉलेजला सुट्टी होती. भर दुपारी फोन.

"लाईट गेली का?"

"गेली की. लई उकडतंय."

"अगं, मग पंप थांबला असंल! पंपातलं तेल नळीत उलटं चढलं तर पावडर बाद. खुंटीवरची किल्ली घे आन् पळ. नळीवरचा कॉक तेवढा बंद कर."

जाऊच नये असं मनात आलं. होऊ दे बाद, एकदाची सुटेन. तरी डोक्यावर पदर घेऊन तापलेल्या डांबरावरून सात रस्ता चौकापलीकडे कॉलेजात गेले. चरफडत गेले, पण गेले.

तेल नळीत निम्म्यावर आलं होतं. मी कॉक फिरवला. मग ती दिसली. काचेच्या नळीच्या तळाला, नाचणीच्या पिठासारखी, चिमूटभर. हिच्यासाठी एवढं? आणि शेजारच्या काचेच्या बाटलीला, फुटली तर काचा उडू नयेत म्हणून, टॉवेल गुंडाळलेला. माहेरी, वैरागला, आईने दिलेला, लाल किनारीचा, मी घरभर शोधलेला माझा टॉवेल तिच्या दिमतीला होता.

फोन वाजला. "केला का बंद?"

"केला."

"वाचली बघ," म्हणाले आणि ठेवून दिला.

मी स्टुलावर बसले. पाठ घामाने निथळत होती. एवढ्या उन्हातून गेलीस, घोटभर पाणी तरी पी, इतकंच मला ऐकायचं होतं.

पुन्हा फोन वाजला. मी झडप घालून उचलला.

"अगं, बाटलीचा टॉवेल हाय ना जागेवर?"

"हाय की," मी म्हणाले, आणि तो ओढून काढून तोंड, मान, हात सगळं खसाखसा पुसलं.